अमेरिकेत कर्ज हाताबाहेर गेल्यावर बँकरप्सीचा वकील कसा शोधावा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत कर्जाची गोष्ट बहुतेक वेळा फार उशिरा तोंडातून बाहेर पडते. एच-1बी व्हिसावर असताना नोकरी जाते आणि दुसरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. एखादे आजारपण विम्याच्या मर्यादेपलीकडे जाते. भागीदारीत घेतलेले दुकान चालत नाही आणि त्याच्या कर्जाला दिलेली वैयक्तिक हमी अंगावर येते. मग एका क्रेडिट कार्डाचा किमान हप्ता दुसऱ्या कार्डातून भरत महिने काढले जातात, आणि पुण्याला किंवा कोल्हापूरला असलेल्या आईवडिलांना काही कळू नये म्हणून त्यांना पाठवायचे पैसे मात्र न चुकता पाठवले जातात. वकिलाचा विचार मनात येतो तो सर्व उपाय थकल्यावर, आणि दुर्दैवाने त्याआधीच्या काही महिन्यांत घाबरून केलेले व्यवहारच पुढे सर्वांत महाग पडतात.

मराठीत 'दिवाळे निघाले' या शब्दांना जो कलंक चिकटलेला आहे, तो अमेरिकेच्या बँकरप्सीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, कायद्याला अभिप्रेत नाही. प्रामाणिक असूनही दुर्दैवाने कर्जात बुडालेल्या माणसाला आयुष्य नव्याने सुरू करण्याची संधी देणे हा या कायद्याचा हेतू आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1934 सालीच म्हटले आहे. सध्याचा कायदा 1978 चा असून 2005 मध्ये त्यात मोठे आणि कर्जदाराच्या दृष्टीने बरेच कडक बदल झाले. हा कायदा संघराज्याचा आहे, त्यासाठी स्वतंत्र न्यायालये आहेत, आणि त्याचा आधार घेण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असण्याची अट नाही. अमेरिकेत राहणारी, किंवा तेथे व्यवसाय वा मालमत्ता असलेली व्यक्ती अर्ज करू शकते. पुढे दिलेल्या कायद्यातील रकमा 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या आहेत. त्या दर तीन वर्षांनी बदलतात, म्हणून त्यानंतरच्या वाचकांनी वकिलाकडून नवे आकडे विचारून घ्यावेत.

वकील मिळेपर्यंत काय करू नये

पहिली पायरी शोधाची नसून थांबण्याची आहे. नातेवाइकांचे आणि मित्रांचे हातउसने पैसे आधी फेडावेत, बँकेचे नंतर बघावे, ही आपली रीत आहे आणि एरवी ती चांगलीही आहे; परंतु बँकरप्सीच्या कायद्यात ती उलटी पडते. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात भावाला, मामाला किंवा सासऱ्यांना मोठी रक्कम परत केली असेल, तर ट्रस्टी, म्हणजे कर्जदाराच्या मालमत्तेचा हिशोब पाहण्यासाठी प्रकरणावर नेमलेली व्यक्ती, ती रक्कम त्या नातेवाइकाकडूनच परत मागू शकते, कारण सर्व देणेकऱ्यांमध्ये (ज्यांचे पैसे आपण द्यायचे आहेत त्यांच्यामध्ये) एकालाच झुकते माप देणे कायद्याला मान्य नाही. इतर देणेकऱ्यांच्या बाबतीत ही मुदत 90 दिवसांची आहे. ज्या मामांनी अडचणीत मदत केली त्यांच्याच दारात वसुलीची नोटीस जावी, यापरते दुःख नाही, आणि केवळ काही महिने थांबून वकिलाला विचारले असते तर ते टळले असते.

त्याचप्रमाणे गाडी भावाच्या नावावर करणे, घरातील हिस्सा पत्नीच्या नावे लिहून देणे, भारतातील खात्यात पैसे हलवणे, हे व्यवहार करू नयेत. संघीय कायदा मागची दोन वर्षे तपासतो आणि अनेक राज्यांच्या कायद्यांच्या आधारे ट्रस्टी त्याहूनही मागे जाऊ शकतो. नवीन कर्ज काढणेही थांबवावे. अर्जाच्या आधीच्या 90 दिवसांत एकाच कार्डावर 900 डॉलरपेक्षा जास्त किमतीची अनावश्यक खरेदी केली, किंवा 70 दिवसांत 1,250 डॉलरपेक्षा जास्त रोख उचल घेतली, तर ती फसवणुकीच्या हेतूने केली असे गृहीत धरून ते कर्ज माफीतून वगळले जाऊ शकते.

निवृत्तीच्या 401(के) खात्याला हात लावू नये, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. नोकरीतून मिळणारे हे खाते सर्वसाधारणपणे देणेकऱ्यांपासून पूर्ण सुरक्षित असते. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी त्यातून पैसे काढल्यास बहुतेक वेळा आयकर आणि वर 10 टक्के दंड भरावा लागतो. जे पैसे कोणी नेऊ शकत नव्हते ते काढून, जे कर्ज कदाचित माफच झाले असते ते अर्धवट फेडण्यात अनेकांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे.

न्यायालयाचे समन्स आले असेल तर ते पाकीट न उघडता ठेवून देणे ही सर्वांत मोठी चूक होय. उत्तर देण्याची मुदत राज्यानुसार बदलते. न्यू जर्सीच्या सुपिरियर कोर्टातील दाव्याला 35 दिवस, तर कॅलिफोर्नियात 30 दिवस मिळतात. मुदत उलटली की एकतर्फी निकाल होतो, आणि मग अनेक राज्यांत पगारातून कपात किंवा बँक खाते गोठवणे सुरू होते. तसेच 'तुमचे कर्ज निम्म्यावर आणून देतो' असे फोनवर सांगणाऱ्या तडजोड कंपन्यांपासून सावध राहावे. अशा कंपन्यांनी एकही कर्ज प्रत्यक्ष मिटवण्याआधी फी घेणे संघीय व्यापार आयोगाच्या 2010 च्या नियमाने बंद केले आहे. आगाऊ पैसे मागणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

कागदपत्रे आणि भारताचे पान

वकिलाकडे जाण्यापूर्वी घरातल्या घरात एक संध्याकाळ देऊन चार गोष्टी कागदावर उतरवाव्यात: कोणाचे किती देणे आहे, महिन्याला किती येते, किती जाते, आणि मालकीचे काय काय आहे. सोबत गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, निदान दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेची विवरणे, घराच्या व गाडीच्या कर्जाचे कागद, आलेली समन्से आणि तिन्ही पतमापन कंपन्यांचे अहवाल ठेवावेत. पती आणि पत्नी दोघांनी ही यादी एकत्र बसून करावी. अनेक घरांत एका जोडीदाराला दुसऱ्याच्या एखाद्या कार्डाचा पत्ताच नसतो, आणि तो वकिलाच्या टेबलावर लागण्यापेक्षा स्वयंपाकघराच्या टेबलावर लागलेला बरा.

आपल्या लोकांनी यात आणखी एक पान जोडले पाहिजे, आणि ते म्हणजे भारताचे. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव आहे का. वडिलांच्या पश्चात घराची वाटणी झाली आहे की हिस्सा तसाच सामाईक आहे. पिंपरीतील किंवा ठाण्यातील फ्लॅट कोणाच्या नावे आहे आणि त्याचे पैसे कोणी भरले. एनआरई व एनआरओ खाती, पीपीएफ, मुदत ठेवी, एलआयसीच्या पॉलिसी. आईवडिलांच्या खात्यावर सोयीसाठी लावलेले आपले नाव. लॉकरमधील दागिने आणि त्यांतील स्त्रीधन कोणते. कोणाला उसने दिलेले आणि अजून परत न आलेले पैसे. यांपैकी काहीच वगळू नये. कर्जदाराची मालमत्ता जगात कोठेही असली आणि कोणाच्याही ताब्यात असली तरी ती बँकरप्सीच्या हिशोबात धरली जाते, असे कायद्याच्या मजकुरातच म्हटले आहे. 'ते अमेरिकेला कसे कळणार' हा विचार मनात आला तर तो त्याच क्षणी सोडून द्यावा. अर्जावर शपथपूर्वक सही होते, आणि जाणूनबुजून मालमत्ता लपवणे हा पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा संघीय गुन्हा आहे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या वाटेवर असलेल्या माणसाला अशी शिक्षा कर्जापेक्षा कितीतरी जड जाईल.

यातून एक नाजूक प्रश्न निघतो. परदेशातील सर्व खात्यांमधील एकूण रक्कम वर्षात केव्हाही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल, तर त्याची वार्षिक माहिती अमेरिकी अर्थखात्याकडे द्यावी लागते. अनेकांनी अज्ञानाने ती कधीच दिलेली नसते. बँकरप्सीच्या अर्जात तीच खाती लिहावी लागणार असल्याने हा विषय अर्जाआधी मिटवणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी कर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. वकिलाशी झालेल्या बोलण्याला गोपनीयतेचे जे कायदेशीर संरक्षण असते, ते हिशोब तपासनिसाशी झालेल्या बोलण्याला त्या प्रमाणात नसते.

कोणता मार्ग आपल्याला लागू पडेल

निर्णय वकीलच सांगेल, तरी त्याचे बोलणे समजावे इतपत ओळख असावी. पुढचे दोन मार्ग कायद्यातील प्रकरणांच्या (चॅप्टरच्या) क्रमांकांनी ओळखले जातात. चॅप्टर 7 मध्ये कायद्याने संरक्षित नसलेली मालमत्ता ट्रस्टी विकतो आणि विनातारण कर्जांपैकी बहुतेक कर्जे माफ होतात. साधे प्रकरण अर्जापासून सुमारे चार महिन्यांत संपते. चॅप्टर 13 मध्ये मालमत्ता आपल्याकडे राहते आणि तीन ते पाच वर्षे न्यायालयाने मंजूर केलेला मासिक हप्ता भरावा लागतो. घराचे थकलेले हप्ते सावरण्यासाठी हा मार्ग उपयोगी पडतो. त्यासाठी विनातारण कर्ज 5,26,700 डॉलरपेक्षा आणि तारण कर्ज 15,80,125 डॉलरपेक्षा कमी असावे लागते.

चॅप्टर 7 साठी उत्पन्नाची चाचणी असते आणि तीत अर्जाच्या आधीच्या सहा पूर्ण महिन्यांचे सरासरी उत्पन्न राज्यातील मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहतात. म्हणजे मोठ्या पगाराची नोकरी मार्चमध्ये गेली असेल, तर एप्रिलमध्ये अपात्र ठरणारी व्यक्ती ऑगस्टमध्ये पात्र ठरू शकते. कर्जाचा मोठा भाग घरखर्चाचा नसून व्यवसायाचा असेल, तर ही चाचणी मुळात लागूच होत नाही. दुकानाच्या किंवा मोटेलच्या कर्जाला हमी देऊन बसलेल्यांनी हा मुद्दा वकिलाला मुद्दाम विचारावा. पोटगी व मुलांच्या संगोपनाची देणी, अलीकडचे बहुतेक कर आणि फसवणुकीतून झालेली देणी माफ होत नाहीत. शैक्षणिक कर्ज स्वतंत्र दावा करून असह्य हालअपेष्टा सिद्ध केल्याशिवाय माफ होत नाही.

वकील कोठे शोधावा

महाराष्ट्र मंडळातील ओळखीपाळखीतून वकील शोधण्याची आपल्याला सवय आहे, आणि घराच्या खरेदीसाठी ती पुरेशी ठरते. येथे मात्र दोन अडचणी आहेत. एक म्हणजे चार लोकांत बोभाटा होईल या भीतीने माणूस विचारतच नाही. दुसरी म्हणजे ओळखीचा वकील बहुधा इमिग्रेशन किंवा मालमत्ता व्यवहार पाहणारा असतो आणि वर्षाकाठी एखादे बँकरप्सीचे प्रकरण हाताळतो. मराठी किंवा हिंदी बोलणारा वकील मिळाला तर बोलणे सोपे होते हे खरे, पण त्यापेक्षा आपल्या भागातील बँकरप्सी न्यायालयात नेहमी उभा राहणारा वकील असणे अधिक महत्त्वाचे आहे. अर्ज साधारणपणे त्याच न्यायालयीन जिल्ह्यात करावा लागतो जेथे मागच्या 180 दिवसांपैकी अधिक काळ आपण राहिलो. न्यू जर्सी हा एकच जिल्हा असून त्याचे काम नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन येथे चालते. कॅलिफोर्निया व टेक्सासमध्ये प्रत्येकी चार जिल्हे आहेत. तेथील ट्रस्टी कोणते कागद मागतात, न्यायाधीश कशावर बोट ठेवतात, हे रोज तेथे काम करणाऱ्यालाच ठाऊक असते.

शोधाची सुरुवात राज्याच्या किंवा काउंटीच्या वकील संघटनेच्या संदर्भ सेवेपासून, म्हणजे वकिलांची नावे सुचवणाऱ्या सेवेपासून, करावी. ग्राहक बँकरप्सी वकिलांची नॅक्बा नावाची राष्ट्रीय संघटना आहे आणि तिच्या संकेतस्थळावर गावानुसार शोध घेता येतो. या संघटनेचे वकील कर्जदाराच्या बाजूने काम करणारे असतात. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात या विषयातील तज्ज्ञतेचे अधिकृत प्रमाणपत्र दिले जाते, त्याची यादीही पाहावी. आपला इमिग्रेशन वकील किंवा हिशोब तपासनीस यांना खासगीत विचारणे हाही चांगला मार्ग आहे, कारण त्यांना गोपनीयतेची सवय असते आणि कोणाचे काम नीट होते हे ते जवळून पाहतात.

फी परवडणार नसेल तर कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थांकडे जावे. संघीय निधीवर चालणाऱ्या अशा संस्था ग्रीन कार्डधारकांना मदत करू शकतात, परंतु एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तींना त्या बहुधा नकार देतात. तेथे नकार मिळाला म्हणून खचू नये. विधी महाविद्यालयांची मोफत सल्ला केंद्रे आणि वकील संघटनांचे विनामूल्य काम करणारे स्वयंसेवक यांना ही अट सहसा नसते. अपसॉल्व्ह ही ना-नफा संस्था साध्या चॅप्टर 7 चा अर्ज मोफत तयार करण्यास मदत करते. मात्र भारतात जमीन किंवा फ्लॅट असलेल्यांचे प्रकरण साधे राहत नाही, त्यांनी वकीलच करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्तात फॉर्म भरून देणारे लोकही भेटतील. कायद्याने त्यांना फक्त टंकलेखन करता येते. कोणता चॅप्टर निवडावा, कोणती मालमत्ता वाचेल, हे सांगण्याचा त्यांना अधिकार नाही. ते सांगू लागले तर तेथून उठावे.

नावे मिळाल्यावर पडताळणी

तीन नावे निवडावीत आणि प्रत्येकाचा परवाना राज्याच्या अधिकृत यादीत तपासावा. तेथे शिस्तभंगाची कारवाई झाली असल्यास तीही बहुतेक राज्यांत दिसते. त्यानंतरचा उपाय फारसा कोणी करत नाही, पण तो फार बोलका आहे. संघीय न्यायालयांच्या पेसर या सार्वजनिक प्रणालीत त्या वकिलाने दाखल केलेली प्रकरणे पाहता येतात. पानामागे 10 सेंट आकार आहे, परंतु तिमाहीत 30 डॉलर किंवा त्याहून कमी वापर झाल्यास तो माफ होतो, आणि न्यायालयाच्या इमारतीतील संगणकावर पाहणे मोफत असते. त्याने गेल्या वर्षी किती अर्ज दाखल केले, आणि त्यांपैकी किती केवळ कागदपत्रे वेळेत न दिल्याने फेटाळले गेले, एवढे पाहिले तरी पुरे. जाहिरातीतील पंचतारांकित अभिप्रायांपेक्षा ही नोंद मला अधिक विश्वसनीय वाटते.

पहिली भेट

अनेक वकील पहिली भेट मोफत किंवा अल्प फीमध्ये देतात. तीनपैकी निदान दोघांना भेटावे, आणि शक्यतो पतीपत्नींनी मिळून जावे. फॉर्म भरून घेण्याचे काम सहायक करतो, पण सल्ला वकिलाने स्वतः दिला पाहिजे. जेथे पूर्ण भेट सहायकाबरोबरच होते आणि शेवटी फक्त करारावर सही मागितली जाते, तेथे सही न करता घरी यावे.

वकिलाला आपण जे विचारतो त्यापेक्षा तो आपल्याला काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. माझ्या मते एक कसोटी इतर सर्वांहून मोठी आहे: तुमचा जन्म भारतातला आहे हे समजल्यावर तो तेथील मालमत्तेबद्दल, वडिलोपार्जित हिश्श्याबद्दल, तेथे पाठवलेल्या पैशांबद्दल स्वतःहून विचारतो का? न विचारणारा वकील वाईट माणूस नसेल, पण त्याने तुमच्यासारखे प्रकरण हाताळलेले नाही. आणि तुम्ही जमिनीचा उल्लेख केल्यावर 'ती लिहायची गरज नाही' असे जो म्हणेल, तो तुमच्या शपथेवर स्वतःची सोय बघत आहे. चांगला वकील विचारतो की हिश्श्याची अंदाजे किंमत काय, वाद चालू आहे का, इतर वारस कोण, विकायचे म्हटले तर किती वर्षे लागतील. कारण ट्रस्टीला त्यातून काही पदरात पडण्यासारखे आहे का, हे त्यावरच ठरते. सामाईक, वादग्रस्त आणि दूरदेशीच्या दहा गुंठ्यांच्या मागे ट्रस्टी लागेलच असे नाही, परंतु तो निर्णय त्याचा आहे, आणि तो घेण्यासाठी ती जमीन कागदावर असावी लागते. ठाण्यातील कर्जमुक्त फ्लॅटची गोष्ट वेगळी. तेथे चॅप्टर 7 कदाचित चुकीचा मार्ग ठरेल आणि चॅप्टर 13 मध्ये त्या किमतीइतके तरी देणे फेडण्याची तयारी ठेवावी लागेल.

वारशाचा नियमही याच भेटीत समजून घ्यावा. अर्ज केल्यानंतर 180 दिवसांच्या आत एखादी व्यक्ती निवर्तल्याने आपल्याला वारसा मिळाला, तर तोही चॅप्टर 7 च्या मालमत्तेत जमा होतो. घरी वडील अत्यवस्थ असताना हे बोलणे जिवावर येते. तरीही वकिलाला ते सांगितलेच पाहिजे, कारण अर्जाची तारीख त्यावर अवलंबून असू शकते.

आपल्या बाजूने विचारायचे प्रश्न मोजके आहेत. माझ्या राज्यात घर, गाडी, दागिने यांपैकी काय वाचेल? टेक्सास आणि फ्लोरिडात राहत्या घराला किमतीची मर्यादा नसलेले संरक्षण आहे, तर न्यू जर्सीच्या स्वतःच्या कायद्यात घरासाठी तसे संरक्षण नाही आणि तेथील लोक संरक्षित मालमत्तेची संघीय यादी निवडू शकतात. मात्र मागच्या दोन वर्षांत राज्य बदलले असेल तर आधीच्या राज्याचे नियम लागू होण्याचा संभव असतो, म्हणून मागचे सर्व पत्ते सांगावेत. मंगळसूत्र, पाटल्या आणि बांगड्या यांना मिळणारी सूट बहुतेक ठिकाणी तुटपुंजी असते, म्हणून त्यांचे मूल्यांकन आणि मालकी यांबद्दल नेमके विचारावे. दोघांनी मिळून अर्ज करावा की एकाने? ज्या मित्राने माझ्या कर्जाला सहस्वाक्षरी दिली त्याचे काय होईल? चॅप्टर 7 मध्ये त्याला संरक्षण मिळत नाही, चॅप्टर 13 मध्ये घरगुती कर्जापुरते ते मिळू शकते. ज्याने विश्वासाने सही केली त्याला ही बातमी नोटिशीतून कळू नये. सुनावणीला तुम्ही स्वतः येणार की दुसऱ्याला पाठवणार?

व्हिसाचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. बँकरप्सीचा अर्ज केल्याने केवळ त्या कारणावरून व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नाकारले जाते असा नियम नाही. खोटी शपथ, थकवलेले कर आणि न भरलेली पोटगी यांचा परिणाम मात्र होऊ शकतो. नोकरीबाबतही, केवळ बँकरप्सीच्या कारणावरून मालकाला कामावरून काढता येत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे. तरी प्रक्रिया चालू असणाऱ्यांनी अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्यावे आणि दोन्ही वकिलांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी.

फी आणि करार

न्यायालयाची फी चॅप्टर 7 साठी 338 डॉलर आणि चॅप्टर 13 साठी 313 डॉलर आहे. ती हप्त्यांनी भरता येते, आणि फार कमी उत्पन्न असल्यास चॅप्टर 7 मध्ये माफीही मागता येते. वकिलाची फी वेगळी. चॅप्टर 7 मध्ये ती बहुधा अर्जाआधी पूर्ण मागतात, कारण अर्जाच्या वेळी बाकी राहिलेली फीसुद्धा इतर कर्जांसारखी माफीत निघून जाते. चॅप्टर 13 मध्ये तिचा बराच भाग मासिक हप्त्यातून दिला जातो, म्हणून 'आत्ता काहीच भरू नका' असे सांगून चॅप्टर 7 पुरेसा असतानाही चॅप्टर 13 कडे वळवणारे वकील भेटू शकतात. हाच मार्ग का, असे विचारून कारण लिहून घ्यावे. फी भरण्यासाठी नवे कर्ज काढा, कार्ड वापरा, असे सांगणारा वकील कायद्याची पायरी ओलांडत आहे असे समजावे.

करार लेखी असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यात कोणती सेवा किती पैशांत हे स्पष्ट लिहिलेले असावे. देणेकऱ्यांच्या बैठकीला हजर राहणे, ट्रस्टीच्या प्रश्नांना उत्तरे देणे, अर्जात दुरुस्त्या करणे हे त्यात धरले आहे का, आणि एखाद्या बँकेने माफीला विरोध करून दावा लावला तर वेगळी फी किती, हे सहीपूर्वी वाचावे. घेतलेली फी वकिलाला न्यायालयासमोर जाहीर करावी लागते. ती अवाजवी असल्यास न्यायालय परत करायला लावू शकते.

नेमणुकीनंतर

अर्जाच्या आधीच्या 180 दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जविषयक समुपदेशन घेणे बंधनकारक आहे. ते फोनवर किंवा संगणकावर होते, आणि मान्य संस्थांची यादी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. अर्ज दाखल होताच वसुलीचे फोन, दावे आणि पगारातील कपात बहुतेक प्रकरणांत आपोआप थांबते. त्यानंतर महिन्याभराच्या आसपास ट्रस्टीसमोर शपथेवरची बैठक, म्हणजेच देणेकऱ्यांची बैठक, होते आणि ती आता बहुधा व्हिडिओवर असते. ट्रस्टीच्या प्रश्नांची इंग्रजीत उत्तरे देताना घाबरल्यासारखे होणार असेल, तर मोफत दुभाषा मिळतो. तो हवा असल्याचे वकिलाला आधीच सांगावे, आणि नातेवाइकाला दुभाषा म्हणून बसवू नये. ट्रस्टीला शेवटचे आयकर विवरणपत्र बैठकीच्या किमान सात दिवस आधी मिळाले पाहिजे. अर्ज दाखल झाल्यावर पैशांच्या नियोजनाचा एक छोटा अभ्यासक्रमही मुदतीत पूर्ण करावा. तो राहिला तर बाकी सर्व नीट होऊनही कर्जमाफीचा आदेश मिळत नाही. चॅप्टर 7 ची नोंद पतअहवालात 10 वर्षे राहते, आणि त्यातून माफी मिळाल्यावर पुन्हा चॅप्टर 7 ची माफी मिळवण्यासाठी दोन अर्जांमध्ये आठ वर्षांचे अंतर लागते.

कधी कधी चांगला वकील ऐकून घेऊन म्हणतो की अर्ज करूच नका. भारतातील मालमत्ता मोठी असेल, सहा महिन्यांत नोकरी लागण्याची खात्री असेल किंवा देणे मुख्यतः माफ न होणाऱ्या प्रकारचे असेल, तर बँकेशी थेट तडजोड अधिक शहाणपणाची ठरते. अशा तडजोडीत सोडून दिलेली रक्कम करपात्र उत्पन्न मानली जाऊ शकते, बँकरप्सीतील माफीला मात्र तो कर लागत नाही; म्हणून तडजोडीचा आकडा पक्का करण्याआधी कराचाही आकडा मांडून घ्यावा.

अर्जाची तारीख ठरली की भारतात फोन करावा, तोही अर्जाच्या आधी. ज्या आईवडिलांच्या खात्यावर आपले नाव आहे, ज्या भावाबरोबर सातबाऱ्यावर आपण सामाईक आहोत, ज्या मामांचे पैसे अजून द्यायचे आहेत, त्यांची नावे अर्जात येणार आहेत. मामांना देणेकरी म्हणून न्यायालयाची नोटीस टपालाने गावी पोहोचेल. तिचा अर्थ काय, त्यांनी काय करायचे आहे आणि काय नाही, हे वकिलाकडून दोन ओळींत लिहून घ्यावे आणि मराठीत, आपल्या तोंडून, त्यांना सांगावे.